यंत्रमानवाचा सांगाडा : लोखंड की अॅल्युमिनियम?

२००८ साली पुण्यात आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धा भरली, तिचा विषय दहीहंडी होता. अशा स्पर्धांत यंत्रमानवाच्या वजनाला मर्यादा असते. साहजिकच सांगाड्याच्या धातूचा विचार आधी करावा लागतो.

अॅल्युमिनियम लोखंडाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे; पण त्याचा ताठपणाही एक तृतीयांशच. समान मापाच्या पट्ट्यांवर समान भार ठेवल्यास अॅल्युमिनियमची पट्टी तिप्पट वाकते. यावरचा उपाय आकारात आहे. भरीव पट्टीऐवजी तितक्याच वजनाची रुंद, पोकळ चौकोनी नळी घेतली की ताठपणा कितीतरी पटींनी वाढतो. बांबू पाहिलेल्या माझ्यासारख्या इतिहासाच्या शिक्षकालाही हे पटते!

जोडणीचा प्रश्न निराळा. हातखंब्याच्या परिसरात खिडक्यांच्या जाळ्या करणारा कारागीर साध्या वेल्डिंगने लोखंड सांधतो. अॅल्युमिनियमला आर्गॉन वायू व वेगळे यंत्र लागते. शिवाय सांध्याजवळ धातू मऊ पडतो. तेथे रिव्हेट वा नटबोल्टच बरे; मोडलेला भाग मैदानावरच बदलता येतो.

बेताच्या पैशांत शिकणाऱ्या आपल्या वसतिगृहातील मुलांनी पहिला सांगाडा पातळ लोखंडी चौकोनी पाईपचाच करावा, चुका त्यावर कराव्यात, असे माझे मत आहे. आपल्या खाऱ्या हवेत गंजरोधक रंग मात्र पहिल्याच दिवशी द्यावा.