परक्या परंपरेचा बाजार : भोंदू गुरू कसा ओळखावा

खेड्यातील शिक्षकाला शाळा सुटल्यावरही गावकरी अनेक गोष्टी विचारतात. तालुक्याच्या बाजारात तंबू ठोकून बसलेला, गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेला आणि ‘डोंगरातील आदिवासींची गुप्त विद्या’ आपणास प्राप्त झाली आहे असे सांगणारा मनुष्य खरा की खोटा, हा त्यांपैकीच एक प्रश्न. ‘हे सारे थोतांड आहे’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याने दोन अपाय होतात. ज्याचा विश्वास बसला आहे तो ऐकत नाही; आणि वर्गातील आदिवासी मुलाला मात्र वाटते की, गुरुजी आपल्या आजोबांच्या देवालाच थोतांड म्हणत आहेत. भोंदू आणि परंपरा यांची फारकत कशी करावी हे समजण्यास अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा अनुभव फार उपयोगी पडतो, कारण हा बाजार तेथे मोठ्या प्रमाणावर भरला आणि त्याची नोंदही नीट झाली.

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात, मुख्यतः उत्तर व दक्षिण डाकोटा या राज्यांत, लाकोटा लोक राहतात. (जुन्या पाठ्यपुस्तकांत अशा सर्व लोकांना सरसकट ‘तांबडे इंडियन’ म्हणत, ते नाव आता टाकून दिलेले बरे.) त्यांच्यात ‘इनिपी’ नावाचा शुद्धीचा विधी आहे. विलो झाडाच्या लवचिक फांद्या वाकवून घुमटासारखी ठेंगणी झोपडी करतात. तिच्यावर पूर्वी बायसन या रानबैलाची कातडी घालीत, आता घोंगड्या किंवा कॅनव्हास घालतात. बाहेर विस्तवात तापविलेले दगड आत आणून मधल्या खड्ड्यात ठेवावयाचे, त्यांवर पाणी ओतावयाचे आणि वाफेत, अंधारात बसून प्रार्थना करावयाची, असे त्याचे स्वरूप. दगडांना ‘आजोबा’ म्हणून संबोधतात. विधी चालविणारा मनुष्य वृद्धांच्या हाताखाली वर्षानुवर्षे शिकलेला असतो. आत बसलेल्यांना तो ओळखतो आणि त्याचे घराणे त्यांना ठाऊक असते. उष्णता सोसेनाशी झाली तर ‘मिताकुये ओयासिन’, म्हणजे ‘आम्ही सारे आप्त’, एवढे म्हणावे. दार उघडले जाते. या विधीला प्रवेशशुल्क नसते.

हा विधी बाजारात कसा आला, याचा इतिहास शिक्षकांना थोडा बोचेल. सन १८८३ मध्ये अमेरिकन सरकारने नियम करून मूळ रहिवाशांचे सूर्यनृत्य व त्यांच्या वैदूंचे विधी हे गुन्हे ठरविले. असे विधी करणाऱ्याचा शिधा बंद होई, किंवा त्याला कोठडीत जावे लागे. त्याआधीच, सन १८७९ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे निवासी शाळा निघाली होती. तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत लाकोटा मुलेच होती. तेथे मुलांचे केस कापले जात व त्यांना स्वभाषा बोलू दिली जात नसे. आजोबांचे ज्ञान नातवाकडे जाण्याची वाट शाळेनेच अडविली. धर्माचरणाच्या स्वातंत्र्याचा कायदा व्हावयास सन १९७८ उजाडावे लागले. ज्यांचा वारसा होता त्यांना तो बोलण्याची बंदी, आणि ज्यांना त्याचे कुतूहल होते त्यांना खरे सांगणारा कोणी जवळ नाही, अशा काळात सांगणारे आपोआप उभे राहतात.

त्यांत कार्लोस कास्तानेडा हे सर्वांत प्रसिद्ध. सन १९६८ मध्ये त्यांचे पुस्तक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकाशनाने छापले. ‘डॉन हुआन’ नावाच्या याकी जमातीच्या वृद्ध मांत्रिकाने आपणास शिष्य केले, असे त्यात सांगितले होते. पुस्तके लाखोंनी खपली. सन १९७३ मध्ये लेखकाला विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळाली. परंतु याकी लोकांचे अभ्यासक एडवर्ड स्पायसर यांनी १९६९ मध्येच दाखवून दिले होते की, या विद्येचा याकी जीवनाशी काही संबंध दिसत नाही. पुढे सन १९७६ मध्ये रिचर्ड डी मिल यांनी पुस्तकांतील तारखा व प्रसंग परस्परांशी जुळत नाहीत हे उघड केले. त्या वृद्धाला दुसऱ्या कोणा अभ्यासकाने कधी पाहिले नव्हते. पदवी व छापील ग्रंथ यांनी विद्वानही फसतात, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

अशा विक्रेत्यांची संख्या इतकी वाढली की, जून १९९३ मध्ये लाकोटा प्रतिनिधींनी परिषदेत एकमताने जाहीरनामा काढून आपल्या अध्यात्माचा व्यापार करणाऱ्यांविरुद्ध ‘युद्ध’ पुकारले. त्यात परक्यांबरोबरच, पैशासाठी त्यांना साथ देणाऱ्या स्वजनांचाही निषेध होता. म्हणजे अमुक जमातीत जन्मलेला म्हणून तो खराच, ही कसोटी लाकोटांनीही मानली नाही.

पुढे जे घडले ते केवळ पैशाच्या फसवणुकीपुरते राहिले नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲरिझोना राज्यातील सेडोना गावाजवळ जेम्स आर्थर रे या आत्मविकासाच्या व्याख्यात्याने वाफेच्या झोपडीचा विधी योजला. माणशी शुल्क नऊ हजार डॉलरांहून अधिक होते. पन्नासाहून अधिक माणसे एका झोपडीत बसविली होती, आणि त्याआधी त्यांनी वाळवंटात छत्तीस तास अन्नपाण्यावाचून काढले होते. जीव जाईल असे वाटेल, तरी टिकून राहावे, अशा आशयाचे त्यांना अगोदरच सांगितलेले होते. माणसे कोसळू लागली तरी दगड येत राहिले. तिघे मृत्यू पावले व अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. सन २०११ मध्ये निष्काळजीपणाने तिघांच्या मृत्यूस कारण झाल्याबद्दल रे दोषी ठरला व त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. झोपडी, दगड व वाफ तेथेही होती. नव्हते ते एवढेच की, विधी चालविणाऱ्याला जाब विचारणारी जमात, आणि घाबरलेल्या माणसासाठी तत्काळ उघडणारे दार.

यावरून शिक्षकाने पाहावयाच्या गोष्टी सहज ध्यानात येतील. पहिली व सर्वांत महत्त्वाची : हा मनुष्य कोणाचा? ज्या जमातीचे नाव तो घेतो, तिच्यातील कोणत्या गावाचा, कोणाजवळ शिकलेला, आणि तेथील माणसे त्याला ओळखतात काय? ‘सर्व आदिवासींची प्राचीन विद्या’ असे म्हणणाऱ्यावर तर तेथेच संशय घ्यावा. वारली, भिल्ल, कोरकू, गोंड यांचे देव निराळे, विधी निराळे. वारल्यांच्या लग्नात चौक लिहिला जातो तेव्हा धवलेरी गाणी म्हणते, व तिच्यावाचून लग्न पुरे होत नाही. ती कोण व कोणाकडून शिकली हे पाड्यातील पोरही सांगेल. तिला प्रमाणपत्र लागत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र जपून बोलावे. भगताला कोणी नारळ, धान्य किंवा कोंबडी दिली म्हणून तो भोंदू ठरत नाही. जाणत्या माणसालाही पोट आहे. गावाच्या रूढीने ठरलेले देणे निराळे, आणि आज पाचशे, उद्या पाच हजार अशी चढती पायरी निराळी. गुप्ततेचेही तसेच. काही ज्ञान बाहेरच्यांना न सांगण्याची रीत खऱ्या परंपरेतही असते. भोंदू मात्र पैसे देणाऱ्यापुढे गुपित उघडतो आणि प्रश्न विचारणाऱ्यापुढे बंद करतो. जो औषधोपचार थांबविण्यास सांगतो, त्याच्याविषयी मात्र अधिक चौकशीची वाट पाहू नये.

महाराष्ट्रात सन २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. चमत्काराचा आभास निर्माण करून पैसे उकळणे, तसेच साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हे त्याखाली गुन्हे आहेत. यात्रा, कीर्तन, प्रदक्षिणा यांना तो हात लावीत नाही, हे पालकांना अवश्य सांगावे. साप चावलेल्या मुलाला प्रथम आरोग्य केंद्रात पोहोचवावे. भगताशी वाद नंतरही घालता येतो. पुष्कळदा भगताला आधीपासून विश्वासात घेतले असल्यास तोच गाडी आणावयास सांगतो.

शिक्षकाने एकट्याने तंबूत जाऊन वाद घालू नये. सरपंच, पोलीस पाटील व आरोग्यसेविका यांना बरोबर घ्यावे. त्या माणसाने सांगितलेले पाड्याचे व गुरूचे नाव वहीत टिपून, त्या पाड्यावर जाऊन वृद्धांना विचारावे. पाडा बहुधा दोन-चार तासांच्याच वाटेवर असतो.