अणूच्या औषधाला घड्याळ असते

आमच्या परतवाडा भागातल्या एका गावची ही गोष्ट. एक बाई गळ्याच्या आजारावर मुंबईला ‘आयोडीनचा’ उपचार घेऊन आली आणि महिना उलटला तरी गोठ्याला लागून असलेल्या खोलीतच झोपत होती. दवाखान्याने दिलेल्या कागदावरची मुदत केव्हाच संपलेली. पण कोणीतरी बोलून गेले, "तिच्या आंगात अणू भरला हाय, लेकरायले जवळ जाऊ देऊ नोका." झाले! नळावर तिची गुंडी मागे राहू लागली. घरची माणसे वाईट नव्हती. घाबरलेली होती.

वाचकहो, ‘अणू’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बॉम्बच येतो. पण तुमच्यापैकी कित्येकांनी टीएयू-१ हा उडीद आपल्या वावरात पेरला आहे. टीएयू म्हणजे ट्रॉम्बे-अकोला-उडीद. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आपले अकोल्याचे कृषी विद्यापीठ या दोघांनी मिळून काढलेले १९८५ चे हे वाण. त्याच्या वंशात किरण देऊन बदललेले बियाणे आहे. त्या उडदात किरणांचा अंशही उरत नाही, औषधाचे मात्र तसे नसते. औषधात किरण असतात, काही काळ राहतात आणि मग संपतात. हा ‘काही काळ’ किती, एवढेच नीट समजून घ्यायचे आहे.

याच भाभा केंद्राने १९६३ साली मुंबईत परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात किरणोत्सर्गी औषध केंद्र उघडले. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली होती. भट्टीत तयार होणारे किरणोत्सारी पदार्थ आजाऱ्याच्या कामी यावेत, हा हेतू. परळला गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या आजारांवर मोठे काम झाले आणि आजही होते. देशातले पहिले पेट स्कॅन यंत्र २००२ साली तिथेच बसले. आता त्यासाठी मुंबईच गाठावी लागते असे नाही, नागपुरातही सोय झाली आहे.

एक्स-रे आणि या तपासणीत फरक काय? एक्स-रेमध्ये किरण बाहेरून अंगातून जातात आणि हाडाचा फोटो निघतो. इथे उलटे आहे. औषध अंगात जाते, किरण आतून बाहेर येतात आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो. विहिरीचे बांधकाम वरून दिसते, पण झरा चालू आहे की आटला हे त्यावरून कळत नाही. एक्स-रे बांधकाम दाखवतो, हा स्कॅन झरा दाखवतो. कर्करोग हाडात उतरला असेल तर एक्स-रेत दिसण्याच्या कितीतरी आधी बोन स्कॅनमध्ये डाग उमटू शकतो. हृदयाच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोचते, कोणती किडनी किती काम करते, हेही असेच कळते.

यातले नेहमीचे औषध टेक्नेशियम. दर सहा तासांनी ते निम्मे होते. सकाळी आठला शंभर भाग असले तर दुपारी दोनला पन्नास, रात्री आठला पंचवीस, दुसऱ्या दिवशी सकाळी जेमतेम सहा. मग ते साठवायचे कसे? साठवत नाहीतच. दवाखान्यात शिशाच्या जाड आवरणात मॉलिब्डेनमची नळी येते. हे मॉलिब्डेनम ६६ तासांनी निम्मे होते आणि होता होता त्यातून टेक्नेशियम तयार होते. रोज सकाळी नळीतून मिठाचे पाणी सोडले की टेक्नेशियम तेवढे उतरते. गंमत म्हणजे जगभरचे तंत्रज्ञ त्या नळीला ‘गाय’ म्हणतात आणि या कामाला ‘दूध काढणे’! आठवडाभराने गाय आटते, नवी आणावी लागते. (हरभऱ्याच्या बियाण्याला आपण मॉलिब्डेनम लावतो ते साधे. त्यात किरण नसतात.)

आता तुमच्या कामाचे. दवाखान्याने दहाची वेळ दिली असेल तर औषध त्या हिशेबाने काढलेले असते. परतवाड्याहून नागपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. बोन स्कॅनमध्ये सुई दिल्यावर साधारण तीन तास थांबवतात, भरपूर पाणी प्यायला सांगतात. "सुई देली, आता कायले बसवून ठेवता?" म्हणून भांडू नका. औषध हाडात मुरायला तेवढा वेळ लागतोच.

पेट स्कॅनचे औषध तर सुमारे ११० मिनिटांतच निम्मे होते. ते साखरेसारखे असते. कर्करोगाच्या पेशी बहुधा साखर अधाशासारखी ओढतात, म्हणून त्या चमकून दिसतात. त्यासाठी पाच-सहा तास उपाशी राहावे लागते. वाटेत अमरावतीच्या स्टँडवर उसाचा रस प्यालात, तर तपासणीचे मातेरे! मधुमेह असेल तर गोळी-इन्सुलिनचे आधीच विचारून घ्या. आणखी एक, हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. आदल्या दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घेऊ नका, कुदळ मारू नका. दमलेले स्नायूही साखर ओढतात आणि फोटोत नसते घोळ होतात.

तपासणीच्या औषधापासून घरच्यांना भिण्यासारखे काही नाही. त्या दिवशी भरपूर पाणी प्यावे, तान्ह्या लेकराला काही तास लांब ठेवावे, एवढेच. अंगावर पाजणाऱ्या आणि दिवस गेलेल्या बाईने मात्र सुईच्या आधीच सांगितले पाहिजे.

उपचाराचे आयोडीन वेगळे, इथे पथ्य खरे आहे. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, म्हणून किरणोत्सारी आयोडीन थेट तिथेच पोचते आणि वाढलेली किंवा बिघडलेली ग्रंथी जाळते. बोस्टनमध्ये १९४१ साली हा उपचार पहिल्यांदा झाला. हे आयोडीन आठ दिवसांनी निम्मे होते आणि बरेचसे लघवीवाटे पहिल्या काही दिवसांतच निघून जाते. कर्करोगासाठी मोठी मात्रा देतात तेव्हा आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवूनच घरी सोडतात. घरी आल्यावर कागदावर लिहिलेले दिवस वेगळे झोपावे, लहान मुले आणि गरोदर बाया यांच्यापासून अंतर ठेवावे, संडासात दोनदा पाणी टाकावे, कपडे वेगळे धुवावेत. परतीच्या एस.टी.त गरोदर बाईशेजारची जागा घेऊ नये. गर्भवतीला हा उपचार देतच नाहीत आणि नंतरही काही महिने दिवस राहू देऊ नयेत असे सांगतात. अलीकडे ल्युटेशियम नावाचे औषध काही कर्करोगांत वापरतात, ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ भट्टीत ते तयार होते. त्याचीही अशीच मुदत असते.

सरपंच, पोलीस पाटील आणि आशाताई, तुमच्याकडे एक मागणे आहे. गावात असा आजारी परतला की दवाखान्याचा कागद मागून वाचा. त्यावर तारीख असते. ती तारीख घरच्यांना आणि शेजाऱ्यांना मोठ्याने सांगा. त्या तारखेपर्यंत पथ्य पाळायला लावा, त्यानंतर नळावर तिची गुंडी रांगेत लागली पाहिजे. खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

वर सांगितलेल्या बाईच्या घरी शेवटी गावच्या आशाताईच गेल्या. कागद उघडला, बोट ठेवून तारीख दाखवली. सासूने विचारले, "मंग इतले दिस कोनं सांगतलं नाही आमाले?" त्याच रात्री नातू आजीच्या आधी आईच्या कुशीत जाऊन झोपला.