डोळ्यातले इम्प्लांट आणि वाढणारा दाब: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मधुमेहामुळे किंवा पडद्याची शीर तुंबल्यामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आली, की डॉक्टर कधी कधी डोळ्यात स्टेरॉइडचे इम्प्लांट सोडतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या रुग्णाला त्यासाठी आलापल्ली, आष्टी करत चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. चार-सहा आठवड्यांत नजर सुधारते आणि ‘आता बरं आहे’ म्हणून पुढची फेरी टळते. डोळ्यातला दाब वाढण्याचा काळही साधारण त्याच सुमाराचा.

गैरसमज: इम्प्लांट कायमचे डोळ्यात राहते.
सगळी इम्प्लांट सारखी नसतात. डेक्सामेथासोनची 0.7 मिलिग्रॅमची कांडी जेमतेम 6 मिलिमीटर लांब आणि अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते. डोळा बधिर करून ती बुबुळाच्या बाजूच्या पांढऱ्या भागातून सुईने आत सोडतात. काही महिन्यांत ती आपोआप विरघळते. फ्लुओसिनोलोनची नळी मात्र विरघळत नाही. तिच्यातून औषध तीन वर्षांपर्यंत पाझरत राहते. म्हणून कोणते इम्प्लांट टाकले, हे कागदावर लिहून घ्यावे.

गैरसमज: बीपी नॉर्मल आहे, म्हणजे डोळ्याचाही दाब ठीक.
दोन्हींची मोजणी वेगळी. डोळ्यात सतत पाणी तयार होते आणि कडेच्या बारीक जाळीतून निघून जाते. स्टेरॉइडमुळे काहींची ही जाळी तुंबते आणि दाब चढतो. साधारणपणे 10 ते 21 हा सामान्य दाब मानतात. दंडाला पट्टा बांधून तो कळत नाही.

गैरसमज: दाब वाढला तर डोळा दुखेलच.
बहुतेकांना काहीच जाणवत नाही. दाब बराच काळ चढा राहिला तर डोळ्याची नस सुकत जाते आणि कडेची नजर कमी होते. हाच काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही.

गैरसमज: कुणाचा दाब वाढेल, हे आधी सांगताच येत नाही.
नेमके नाव घेऊन सांगता येत नसले, तरी धोका कुणाला जास्त हे माहीत आहे: आधीच काचबिंदू असलेले, आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असलेले, जास्त मायनस नंबरचा चष्मा असलेले, मधुमेही, लहान मुले, संधिवाताचे रुग्ण. पूर्वी स्टेरॉइडच्या थेंबांनी ज्यांचा दाब वाढला होता, त्यांनी तर ते आवर्जून सांगावे. मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घातलेले खाजेचे थेंबही या हिशेबात येतात.

गडचिरोलीत आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी: सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल तर तो. त्याने स्टेरॉइडचा परिणाम वाढतो असे नाही. पण दाब उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या सिकलसेलच्या रुग्णाला जपून द्याव्या लागतात. म्हणून सिकलसेलचे कार्ड असेल तर ते सोबत न्यावे.

गैरसमज: दाब वाढतो, म्हणून इम्प्लांट घेऊच नये.
शीर तुंबलेल्या रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासात डेक्सामेथासोन इम्प्लांटनंतर 60व्या दिवशी सुमारे 16 टक्के रुग्णांचा दाब 25 किंवा त्याहून जास्त होता. 180व्या दिवसापर्यंत जवळपास सगळ्यांचा उतरला होता. मधुमेही रुग्णांच्या तीन वर्षांच्या अभ्यासात दहापैकी सुमारे चौघांना दाबाचे थेंब लागले, पण शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर आली. फ्लुओसिनोलोनच्या नळीत दाबासाठीच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण जास्त आहे, म्हणून तिथे तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते. काचबिंदूने नस आधीच फार सुकली असेल, तर डॉक्टर बहुधा दुसरा उपचार निवडतात.

इम्प्लांट घेण्याआधीच डॉक्टरांकडून दाब तपासण्याच्या तारखा लिहून घ्याव्यात. सहा ते आठ आठवड्यांची तारीख तर चुकवूच नये. पावसाळ्यात रस्ता बंद पडण्याची भीती असेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डोळ्याचा दाब मोजतात का, हे आधी विचारून ठेवावे. थेंब सुरू झाले असतील, तर नजर छान वाटते म्हणून ते परस्पर बंद करू नयेत.