धूर सोनभद्रात, उजेड राजधानीत

बदरपूरचे औष्णिक वीज केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद झाले आणि प्रदूषणाने त्रासलेल्या दिल्लीने सुटकेचा निःश्वास सोडला. राजधानीचे कोळशावरचे अवलंबित्व मात्र सुटले नाही. तिला वीज पुरवणारी अनेक धुराडी शेकडो किलोमीटर दूर आहेत, इतकेच. उत्तर प्रदेशच्या सोनभद्र जिल्ह्यातील सिंगरौली केंद्र त्यांपैकीच एक. १९८२ मध्ये सुरू झालेले, २,००० मेगावॉटचे हे एनटीपीसीचे पहिले केंद्र. कोळसा शेजारच्या जयंत खाणीचा, पाणी रिहंद जलाशयाचे आणि वीज थेट जम्मू-काश्मीरपर्यंत.

खरे राजकारण आहे ते वाटपाच्या सूत्रात. केंद्रीय प्रकल्पांच्या विजेतील १० टक्के वाटा यजमान राज्याचा, तर १५ टक्के केंद्राच्या मर्जीवर. टंचाईच्या काळात राज्ये श्रमशक्ती भवनाचे उंबरठे झिजवतात, ती या १५ टक्क्यांसाठी. आणि यजमान राज्य म्हणजे लखनौ, सोनभद्र नव्हे! १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रिहंद धरणाने उठवलेल्या अनेक कुटुंबांना पुढे खाणी व वीज केंद्रांसाठी पुन्हा उठावे लागले. त्यांच्या नावाचा रकाना या सूत्रात नाही. २०२४ मध्ये सिंगरौलीत आणखी १,६०० मेगावॉटच्या टप्प्याची पायाभरणी झाली.