केंद्राचा स्वर-शिक्का

केंद्र सरकारने २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात देशातील २३४ नव्या शहरांसाठी खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावास मंजुरी दिली, आणि त्या यादीत अचलपूर, चंद्रपूर, यवतमाळ यांच्या पंक्तीस गोंदियाचेही नाव आले. परवाना, मनोरा, प्रक्षेपक या गोष्टी द्रव्यबळावर उभ्या राहतील. परंतु जिला ना चेहरा, ना दर्शनी दालन, अशा संस्थेने ऐकणाऱ्याच्या मनात आपली ओळख कशी रुजवावी, हा प्रश्न केवळ द्रव्याने सुटणारा नाही, आणि त्याचे उत्तर शोधू जाता या मुलखातील श्रोत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या एका धुनेकडे वळणे क्रमप्राप्त ठरते.

आकाशवाणीची ती संकेतधून म्हणजे तानपुऱ्याच्या अखंड झंकारावर उमटणारी व्हायोलिनची, शिवरंजनीच्या छायेतील, एक अल्पशी स्वरावली. तिचे श्रेय सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. १९०७ साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे जन्मलेले हे ज्यू संगीतज्ञ, युरोपावर नाझींचे सावट पसरू लागले तेव्हा, १९३४ मध्ये मुंबईस आले आणि १९३७ पासून १९४६ पर्यंत तेथील नभोवाणी केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा कारभार पाहत होते. प्रारंभी त्यांना सर्वस्वी अगम्य वाटलेले आपले संगीत त्यांनी इतक्या निष्ठेने अभ्यासिले की, पुढे अमेरिकेत अध्यापन करीत असताना, १९६८ साली, उत्तर हिंदुस्थानी रागांवर त्यांनी एक बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हायोलिन पाश्चात्त्य, तानपुरा आपला, आणि दोहोंना सांधणारा कोमल गंधार. तरीही या संयोगात कोठे जोडकाम दिसत नाही, याचे रहस्य त्या अभ्यासातच असावे असे मला वाटते.

या धुनेचे सौंदर्य पुष्कळांनी वाखाणले आहे. तिची उपयुक्तता मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. मध्यमलहरींच्या काळात केंद्र ‘लावणे’ हे हाताचे आणि कानाचे काम होते. नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्‌झवर, रायपूर ९८१ वर. संचावरील काटा हलक्या हाताने सरकवीत असता मध्येच खरखर, मध्येच दुसऱ्या केंद्राची कुजबुज, आणि रोहिणी-मृगाचे ढग गर्जू लागले की विजेच्या प्रत्येक लखलखाटासरशी संचातून कडकडाट. अशा वेळी तालवाद्याचे तुटक आघात त्या खरखरीत सहज हरवले असते. परंतु लांब धरलेला, न तुटणारा स्वर गोंगाटातूनही वेगळा ओळखू येतो, आणि तीच स्वरावली पुनःपुन्हा येत राहिल्यामुळे उशिरा संच लावणाऱ्यालाही, आपण योग्य जागी पोहोचलो, याची खात्री सभेला आरंभ होण्यापूर्वीच पटते. सरकारी दप्तरातील कागदाला शिक्क्याने जी सत्यता येते, ती या धुनेने हवेतल्या शब्दाला येत असे.

आता हा शिक्का तर साऱ्या देशाचा एकच. मग गोंदियाच्या श्रोत्याने नागपूर कोणते आणि रायपूर कोणते हे ओळखावे कसे? या जिल्ह्याला बालाघाट आणि राजनांदगाव यांची सरहद्द लागून, बाजारात मराठी, हिंदी, गोंडी, पोवारी या बोली एकमेकींत मिसळलेल्या. १९६३ साली रायपूर केंद्र सुरू झाल्यावर तर दोन्हीकडचे आवाज एकाच घरात येऊ लागले. धून संपे, ‘वंदे मातरम्’ होई, सनईचा मंगलध्वनी होई, आणि त्यानंतर निवेदकाच्या पहिल्या मराठी वाक्यासरशी नागपूर हे नागपूर ठरे. म्हणजे केंद्राची ओळख एका धुनेत साठवलेली नव्हती. धून, सनई, निवेदकाची भाषा, त्याच्या उच्चारांतील संथपणा आणि या सर्वांचा ठरलेला क्रम यांतून ती घडत असे, आणि त्या क्रमाशी कोणी चाळवाचाळव केली नाही, हे तेथील कारभाऱ्यांचे मोठे शहाणपण. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले तेव्हा गोंदिया मध्यप्रांत-वऱ्हाडच्या भंडारा जिल्ह्यात होते. १९५६ मध्ये ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात आणि १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. अंमल बदलले, राजधान्या बदलल्या. संकेतधून तीच राहिली.

परदेशातही ही विद्या प्रथम सोयीपोटीच जन्मली. अमेरिकेतील एनबीसी या प्रसारणसंस्थेचे तीन घंटास्वर – आपल्या भाषेत मंद्र पंचम, गंधार आणि षड्ज – हे मुळात, कार्यक्रम संपला, आता तारा बदला, असा जोडकेंद्रांतील अभियंत्यांना दिलेला इशारा होते. १९५० साली त्यांचीच ध्वनिरूप व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. आपल्याकडे ध्वनीला तसे संरक्षण प्रथम २००८ साली मिळाले, तेही याहू या कंपनीच्या आरोळीला. अशी मुद्रा वाद्यस्वरांचीच असावी लागते असे मात्र नाही. रेडिओ सिलोनने १९५२ च्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू केली तेव्हा निवेदक अमीन सयानी यांचा कंठस्वर हीच त्या कार्यक्रमाची मुद्रा झाली.

गोंदियात उद्या जे केंद्र उभे राहील, त्याला मध्यमलहरींची बंधने नाहीत. एफएमवर खरखर जवळजवळ नाही, आणि सूक्ष्म, उच्च स्वरांचे ध्वनीही निर्मळ पोहोचतात. काटा सरकवण्याचे प्रयोजन उरले नाही, तरी एका कळीसरशी वाहिनी बदलणाऱ्या श्रोत्याला दोन-तीन क्षणांत थांबवण्याची निकड उलट वाढलीच आहे. मोठ्या शहरांतून तयार होऊन येणाऱ्या झगमगीत जिंगल सर्वत्र सारख्याच वाजतात आणि म्हणूनच कोणत्याही गावाच्या होत नाहीत. या जिल्ह्याजवळ स्वतःचे ध्वनी विपुल आहेत: दंडारीचा ठेका, झाडीपट्टीच्या नाटकातील पेटी, धानाच्या शेतांत आणि तळ्यांवर जोडीने साद घालणारे सारस. यांपैकी एखादा उचलून नुसता चिकटवणे म्हणजे मात्र देखावाच होईल. कॉफमन यांनी केले ते निराळे होते. त्यांनी आधी ऐकले, पुष्कळ ऐकले, आणि मग थोडकेच स्वर वापरले. नव्या केंद्राच्या चालकांनी दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत ध्वनिलेखन-यंत्र घेऊन रात्र-रात्र बसावे, झाडीबोलीतून सहज बोलणारे निवेदक नेमावेत, आणि जी धून ठरेल ती पहिल्याच वर्षी बाजाराच्या लहरीखातर बदलू नये.