विश्लेषण : फुले भरपूर, फळे मात्र गळतात! घरच्या गोल झुकिनीचे गणित कुठे चुकते?

थंडीची चाहूल लागली की गच्चीवर, बाल्कनीत आणि परसबागेत नवे बियाणे पेरण्याची लगबग सुरू होते. मेथी, पालक, मुळा यांच्या जोडीला आता गोल झुकिनीची पाकिटेही ऑनलाइन सहज मिळतात. ‘४५ ते ५० दिवसांत फळ’ असे वाचून अनेक जण हौसेने बी लावतात. महिनाभरात रोप जोमाने वाढते, मोठी पिवळी फुलेही येतात. मात्र सुपारीएवढी फळे धरतात, पिवळी पडतात आणि गळून जातात. खत कमी पडले असे समजून आणखी खत घातले जाते, तरीही फळ टिकत नाही. बहुतेक वेळा दोष खताचा नसतो. मग तो कशाचा असतो?

गोल झुकिनी म्हणजे नेमके काय?

झुकिनी ही भोपळ्याच्याच घराण्यातली. तिचे शास्त्रीय नाव ‘कुकुर्बिटा पेपो’. हे पीक मूळचे अमेरिका खंडातले. मेक्सिकोतील ओहाका राज्यातल्या एका गुहेत त्याचे सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचे बी सापडले आहे. आजची झुकिनी मात्र इटलीत घडली. इटालियन भाषेत ‘झुक्का’ म्हणजे भोपळा आणि झुकिनी म्हणजे लहान भोपळे. याच जातीची फळे उत्तर भारतात ‘चप्पन कद्दू’ या नावाने ओळखली जातात.

बाजारात दिसते ती झुकिनी बहुधा काकडीसारखी लांब असते. गोल वाण त्याच जातीचे, फक्त आकार चेंडूसारखा. दक्षिण फ्रान्समधील नीस शहराच्या नावाने ओळखला जाणारा ‘रोंद द नीस’ हा फिकट हिरवा वाण जुना आणि देशी स्वरूपाचा आहे. गडद हिरव्या ‘एट बॉल’ या संकरित वाणाला १९९९ मध्ये ‘ऑल अमेरिका सिलेक्शन्स’चा पुरस्कार मिळाला. नीसमध्ये अशी फळे पोखरून, आत सारण भरून भाजतात. आपल्याकडे भरली ढेमशी करतात, तसाच हा प्रकार. ढेमसे आणि झुकिनी दोन्ही काकडीवर्गीय असली, तरी या दोन वेगळ्या वनस्पती आहेत.

‘लवकर येते’ म्हणजे किती दिवसांत?

लाल भोपळा पिकायला साधारण साडेतीन-चार महिने लागतात, कारण तो पूर्ण जून झाल्यावर काढतात. झुकिनी कोवळी असतानाच खातात. हेच तिच्या लवकर येण्याचे मुख्य कारण. पेरल्यावर ५ ते ८ दिवसांत बी उगवते. पाचव्या आठवड्याच्या सुमारास फुले दिसू लागतात. मादी फूल उमलल्यापासून ४ ते ६ दिवसांत फळ काढण्याजोगे होते. थंडी जास्त असेल तर हे वेळापत्रक आठवडा-दीड आठवडा पुढे सरकते.

पेरणी कधी आणि कशात करावी?

झुकिनीला ऊन हवे, पण रणरणते नको. पावसाळी दमटपणाही तिला मानवत नाही. त्यामुळे पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणी पाऊस ओसरल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून पेरणी सोयीची. मुंबई आणि कोकणात नोव्हेंबर-डिसेंबर अधिक चांगला. विदर्भात कडाक्याची थंडी पडण्याआधी रोप मोठे झालेले बरे. १५ अंश सेल्सियसखाली बी नीट उगवत नाही.

गोल झुकिनीचा वेल पसरत नाही. ती झुडपासारखी वाढते. तरीही एका झाडाचा घेर अडीच-तीन फुटांचा होतो. त्यामुळे २० ते २५ लिटरच्या एका ग्रो बॅगेत एकच झाड ठेवावे. दोन लावली तर दोन्ही खुरटतात. माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्यावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. बॅगेतून पाण्याचा निचरा होतो ना, हे आधी पाहावे. बी साधारण एक इंच खोल पेरावे. झाडाला रोज किमान सहा तास थेट ऊन मिळायला हवे. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नको.

फुले येतात, मग फळे का गळतात?

झुकिनीच्या एकाच झाडावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुले येतात. सुरुवातीला येतात ती बहुतेक नर फुले. ती गळणारच; त्यात काळजीचे कारण नाही. नर फूल लांब, बारीक देठावर असते. मादी फुलाच्या खाली, देठाला चिकटून, इवलासा हिरवा गोळा दिसतो. हा गोळा म्हणजे झालेले फळ नव्हे. ती फळाची केवळ तयारी असते. नर फुलातील पराग मादी फुलापर्यंत पोहोचले तरच तो वाढतो, नाहीतर टोकाकडून पिवळा पडून तीन-चार दिवसांत गळतो.

हे पराग जड आणि चिकट असतात. ते वाऱ्याने उडत नाहीत, मधमाश्याच ते वाहून नेतात. सहाव्या-आठव्या मजल्यावरच्या बाल्कनीत मधमाश्या क्वचितच फिरकतात. शिवाय फूल पहाटे उमलते आणि ऊन चढेपर्यंत मिटते. म्हणजे हाती असतात ते सकाळचे जेमतेम काही तास. एकच झाड असेल तर अडचण आणखी वाढते, कारण मादी फूल उमलते त्या दिवशी नर फूल असेलच असे नाही. म्हणून निदान दोन-तीन बॅगांत मिळून दोन-तीन झाडे लावावीत.

जास्त खताने हा प्रश्न सुटत नाही, उलट चिघळू शकतो. नत्र जास्त झाले की पाने फोफावतात आणि फुले उशिरा येतात.

हाताने परागीभवन कसे करावे?

सकाळी सात ते नऊ ही वेळ साधावी. त्याच दिवशी उमललेले नर फूल देठासह तोडावे आणि त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात. मधला पिवळा दांडा बोटाला लावून पाहावा. पिवळी भुकटी लागली तर पराग तयार आहेत. हा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी असलेल्या चिकट भागावर सर्व बाजूंनी हलकेच फिरवावा. एका नर फुलात दोन मादी फुलांचे काम होते. नर फूल नसेल तर शेजारच्या झाडावरचे चालते. परागीभवन झालेला गोळा दोन दिवसांतच फुगलेला दिसतो.

उरलेली नर फुले वाया जात नाहीत. भोपळ्याच्या फुलांप्रमाणेच त्यांची भजी करता येतात.

बूड काळे पडले, पाने पांढरी झाली तर?

फळ धरून वाढले आणि मग त्याचे बूड काळे, चामड्यासारखे झाले, तर परागीभवनाला दोष देता येत नाही. कधी कोरडे, कधी चिंब असे पाणी दिल्याने मुळांना कॅल्शियम नीट उचलता येत नाही, त्याचा हा परिणाम. रोज ठरावीक वेळी पाणी द्यावे आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे.

झुकिनीच्या पानांवर शिरांलगत चंदेरी ठिपके असतात. ते अनेक वाणांत नैसर्गिक असतात. बोटाने पुसल्यावर पांढरी भुकटी निघाली, तर मात्र ती भुरी. १९९९ मध्ये ब्राझीलमधील संशोधक वॅग्नर बेत्तिओल यांनी हरितगृहातील झुकिनीवर केलेल्या प्रयोगात पाणी मिसळलेल्या गाईच्या दुधाच्या फवारणीने भुरी आटोक्यात राहिल्याचे दिसले. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी या प्रमाणात आठवड्यातून एकदा, सकाळी फवारता येते. रोग दिसू लागताच सुरुवात केली तर उपयोग होतो. पान पूर्ण पांढरे झाल्यावर ते काढून टाकणेच बरे.

फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते. परागीभवन झाल्यावर फळावर पातळ कापडी पिशवी बांधणे हा घरगुती बागेतला सोपा उपाय. पाने आखडून त्यांवर पिवळे-हिरवे चट्टे पडले, तर तो विषाणूजन्य रोग असू शकतो. त्यावर औषध नाही. असे झाड उपटून टाकावे.

काढणी केव्हा करावी?

फळ क्रिकेटच्या चेंडूएवढे झाले की काढावे. साल इतकी कोवळी हवी की नख सहज रुतेल. फळ ओढून तोडू नये. थोडा देठ ठेवून चाकूने कापावे. ‘अजून थोडे मोठे होऊ दे’ म्हणून एखादे फळ झाडावर ठेवले की झाड आपली ताकद त्यातले बी जून करण्यात घालवते आणि नवी फळे धरणे मंदावते. एक दिवसाआड काढणी केली तर झाड अधिक काळ फळे देते.

झुकिनी कडू लागली तर?

हा मुद्दा चवीपुरता नाही. काकडीवर्गीय वनस्पतींत ‘कुकुर्बिटासिन’ नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या वाणांतून ती निवडीने जवळपास नाहीशी झाली आहेत, पण चुकीच्या संकरातून ती परतू शकतात. २०१५ मध्ये जर्मनीतील हायडेनहाइम येथे घरच्या बागेतील कडू झुकिनी खाल्ल्याने ७९ वर्षांच्या एका वृद्धाचा मृत्यू झाला. भारतात कडू दुधीच्या रसाने झालेल्या विषबाधांनंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये, असा सल्ला दिला होता.

शिजवल्याने हे विष जात नाही. म्हणून काकडी किंवा दुधी चिरताना घरोघरी जी एक फोड चाखून पाहतात, तीच सवय झुकिनीलाही लावावी. कच्चा छोटा तुकडा जिभेवर ठेवावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि ते फळ फेकून द्यावे. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

घरचे बी पुढच्या वर्षी वापरावे का?

पाकिटावर ‘एफ-१’ लिहिले असेल तर ते संकरित बियाणे. त्याचे बी राखून उपयोग नाही. पुढची पिढी तशीच निघत नाही. ‘रोंद द नीस’सारख्या सरळ वाणाचे बी राखता येते, पण जवळपास शोभेचे छोटे भोपळे किंवा याच जातीचे दुसरे वाण असतील तर मधमाश्यांमुळे संकर होतो. यंदाच्या फळाच्या चवीत त्याने फरक पडत नाही. कडूपणा पुढच्या वर्षी, त्या बियांपासून आलेल्या झाडाच्या फळांत उतरतो. बी धरायचेच असेल तर उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी नर-मादी कळ्या दोऱ्याने बांधाव्यात, सकाळी हाताने परागीभवन करावे आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. एवढे जमणार नसेल, तर दर हंगामात विश्वासू विक्रेत्याकडून नवे पाकीट घेणे अधिक सुरक्षित.