नकाशा दिसतो, पण माहिती?

पूररेषा, जंगलांच्या हद्दी, भूजलाच्या नोंदी यांबद्दल चौकशी केली की ‘सगळं ऑनलाइन आहे’ असं उत्तर हमखास मिळतं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण नकाशा पडद्यावर दिसला म्हणजे माहिती हाती आली, हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

पूररेषेचंच घ्या. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही रेषा पीडीएफमध्ये असेल तर डोळ्यांना दिसते, पण तिच्या आत किती घरं येतात हे मोजायला कुणाला तरी ती संगणकावर पुन्हा गिरवत बसावं लागतं. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर गिरवताना दोन मिलिमीटर चुकले, तर जमिनीवर वीस मीटर चुकतात. तेवढ्यात एखादी सोसायटी पुरात जाते किंवा कोरडी राहते! म्हणूनच भूस्थानिक यंत्रणांमध्ये दोन निरनिराळ्या सेवा असतात. डब्ल्यूएमएस नुसतं चित्र पाठवते; डब्ल्यूएफएस प्रत्यक्ष रेषा देते, तिच्या बिंदूंच्या अक्षांश-रेखांशांसह. ‘नकाशा खुला केला’ असं कुणी म्हणालं, तर यांतली कोणती सेवा दिली ते आधी विचारावं.

रेषा मिळाली तरी दोन खात्यांचे नकाशे आपोआप एकमेकांवर बसतात असंही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ वर. रूपांतर न करता दोन्ही जुळवले तर आपल्याकडे शंभरेक मीटरचा फरक पडतो आणि देवराई रस्त्याच्या पलीकडे जाऊन बसते. नकाशा कुणी, कधी, कोणत्या प्रमाणावर आणि कोणत्या आधारावर काढला हे सांगणारा मेटाडेटा कुणी आवडीने भरत नाही. तो नसेल तर मात्र बाकी सगळी मेहनत संशयास्पद ठरते.

‘म्हणजे सगळा डेटा एका सर्व्हरवर गोळा करायचा का?’ नाही. युरोपीय संघाच्या २००७ च्या ‘इन्स्पायर’ निर्देशात भूस्थानिक माहितीचे ३४ विषय आहेत, पण त्यासाठी कुणी आपला डेटा ब्रुसेल्सला पाठवत नाही. माहिती ज्याची त्याच्याकडेच राहते. सामाईक असतात ते नियम आणि शोधसूची. नव्याने मोजणी करण्याची सक्तीही त्यात नाही. २००६ साली मंजूर झालेल्या आपल्या राष्ट्रीय भूस्थानिक यंत्रणेमागची कल्पनाही अशीच आहे.

फुकट दिलं तर किंमत राहत नाही, असं म्हणणारे अजूनही भेटतात. लँडसॅटची उपग्रहचित्रं विकत मिळत होती तेव्हा सर्वाधिक खपाच्या २००१ सालातही दिवसाला सरासरी ५३ चित्रं खपली. २००८ मध्ये ती मोफत झाली आणि मागणी दिवसाला हजारोंवर गेली. सुरक्षेची भीती पूर्णपणे खोटी नाही, पण भारतीय संस्थांसाठी नकाशांवरची पूर्वपरवानगीची अट केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्येच काढून टाकली. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचं अचूक ठिकाण झाकून ठेवणं रास्तच आहे. त्या आडोशाने अख्खा जिल्हा झाकायचं मात्र कारण नाही.

माहिती उघड केली की लोक बिथरतात, असंही सांगितलं जातं. पण ती दडवली तर काय होतं तेही पाहा. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले आणि प्रत्येकाची पर्यावरणीय संवेदनशीलता ठरवली. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला हा अहवाल माहितीचा अधिकार, माहिती आयोग आणि दिल्ली उच्च न्यायालय अशी वाट चालून मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. आपलं गाव कोणत्या चौकोनात आहे हे मधल्या नऊ महिन्यांत कुणालाच पाहता येत नव्हतं. समितीची अपेक्षा तर अशी होती, की हे चौकोन ग्रामसभांपुढे ठेवावेत आणि हद्दी त्यांच्याशी बोलून पक्क्या कराव्यात.